शेंदराखालची दुनळी

आमच्या घरात बंदूक हाय. घाबरू नका, रिकामी हाय. इंग्रजी दुनळी, माझ्या मालकांच्या नावावर होती. दयाराम गेले आणि पोलीस ठाण्यातून निरोप आला, वारसाने लायसन्सचा अर्ज करा, नायतर बंदूक जमा करा.

आमचं गाव विमानतळाखाली गेलं. घर गेलं, शेत गेलं, खाडीकडची वाट गेली. पनवेलच्या या अकराव्या मजल्यावर गावातल्या जुन्या अशा दोघीच आल्या, ती आणि मी. मला लिफ्टची भीती वाटते, म्हणून मी खाली जात नाय. सगळे बाहेर गेले की दिवसभर आमी दोघीच. मी सोफ्यावर, ती कपाटात. तिला नेली तर मी कोणाशी बोलू?

माझा परेश द्रोणागिरीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. तो म्हणाला, "आई, आजोबांनी वाघ मारलेली बंदूक असेल तर मी अर्ज करतो, हेलपाटे घालतो. पण नक्की काय ते कळू दे. नुसतं लोखंड असेल तर डोक्याला ताप कशाला?"

आता वाघाची गोष्ट माझी. माझे सासरे महादेव, साडेसहा फूट उंच. कर्नाळ्याच्या पायथ्याला वाघ एका साहेबाच्या छातीवर बसलेला. सासऱ्यांनी साहेबाचीच, त्याच वर्षी विलायतेहून आलेली नवीकोरी बंदूक उचलली आणि असा बार काढला की वाघाच्या मिशा पार उरणला सापडल्या. साहेब निघाला व्हिक्टोरिया राणीचा भाचा. त्याने बंदूक बक्षीस दिली. परेशला लहानपणी मी भातासोबत हीच गोष्ट भरवली. तो अजून सासऱ्यांच्या फोटोला हात लावल्याशिवाय ड्युटीवर जात नाय.

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण ते बोलायचं नाय, असं सासूने, गंगाबाईने, मरताना माझ्याकडून कबूल करून घेतलेलं.

नात मोनाली कॉलेजात हाय. तिने बंदूक मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आजी, बनवणाऱ्याचं नाव असतं गं यावर. कुठाय?"

नाव दिसणार कुठून? दर दसऱ्याला आमी तिची पूजा करतो. हळद, कुंकू, तेलात कालवलेला शेंदूर. वर्षानुवर्षं पुटं चढून मधला भाग मारुतीसारखा झालेला.

"ती देवाची खोळ हाय," मी म्हटलं. "देवाची खोळ आपणहून गळते, माणसाने खरवडायची नाय."

माझी सून किशोरी भाविक हाय. ती लगेच म्हणाली, "नको गं मोना, काय झालं म्हणजे?"

मला वाटलं सुटले. कसली सुटते! मोनालीने मोबाईलवर कुठल्या तरी जुन्या बंदुका ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. बर्मिंगहॅमच्या एका म्हाताऱ्याने कळवलं, नळ्या सोडवून खालून बघा. तिथे शेंदूर पोचला नव्हता. बारीक शिक्के निघाले.

"आजी, ही बर्मिंगहॅमला तपासलेली आहे. शिक्क्यातल्या अक्षरावरून वर्ष कळतं. एकोणीसशे सव्वीस."

"मग?"

"व्हिक्टोरिया एकोणीसशे एकला वारली."

"राणीच्या वस्तू राणी मेल्यावरच वाटतात ना गो? जिवंतपणी कोण वाटतं?"

परेश हसला, पण डोळे हसले नायत. मोनाली म्हणाली, "आणि बंदूक नवीकोरी होती ना? मग सव्वीस साली आजोबांचे बाबा किती वर्षांचे होते?"

"सहा."

"सहा वर्षांचा मुलगा साडेसहा फूट?"

"आमच्याकडे पोरं लवकर वाढायची. खाडीची मासळी खाऊन."

एक भोक बुजवावं तर दुसरीकडून पाणी, अशी माझी गत. परेशनेच मग नारळ आणला, फोडला, देवाची माफी मागितली आणि म्हणाला, "काढ शेंदूर." मोनालीने कोमट खोबरेल लावून कापसाने तो उतरवला. लाल ओघळ पेपरवर आले. मी बघत बसले. डाव्या हाताला परेश, उजव्या हाताला किशोरी, पुढे पोरगी, मागे बाल्कनी. बाल्कनीतून पळावं तर अकरावा मजला.

खालून बनवणाऱ्यांचं नाव निघालं, ऑल्डर आणि पिम. दस्त्याच्या खालच्या बाजूला नखाएवढी चांदीची पट्टी, तिच्यावर तीन अक्षरं. एम, ई, एच.

"एम म्हणजे महादेव," मी पटकन म्हटलं.

"आणि ई?" परेशने विचारलं.

"इंग्रजाने कोरलं ना, त्याला जसं जमलं तसं."

मोनालीने टेप लावून चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप कळवलं. म्हाताऱ्याचं उत्तर जेवायच्या आधीच आलं. तिने मोठ्याने वाचलं. दस्ता फारच आखूड आहे, पहिल्यापासूनच तसा घडवलेला. ही बंदूक बाईसाठी केलेली.

परेशने बंदूक उचलून खांद्याला लावली. त्याचाच अंगठा त्याच्या नाकावर आपटला. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"म्हणजे आजोबांनी ही चालवलीच नाही. साडेसहा फुटाच्या माणसाला कशी बसेल ही? उद्या जमा करून येतो." आवाज चढला नाय त्याचा. त्यानेच मला जास्त लागलं.

गप्प बसावं तर बंदूक जाते. बोलावं तर सासूला दिलेला शब्द जातो, आणि पोराचा आज्जा पण. सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं. त्यांनी काय मदत केली नाय. जिवंतपणी पण करत नसत.

"बस परेश," मी म्हटलं. "खरं सांगते."

"आणखी एक?"

"मिठागराच्या साहेबाची मडम होती. तुझी आजी गंगाबाई तिच्या बंगल्यावर कोलंबी द्यायला जायची. मडम खाडीत बदकं मारायची, पण चिखलात उतरायला भ्यायची. पडलेली बदकं आणायला आजी कंबरभर चिखलात जायची. मडमने तिला नेम शिकवला. इंग्रज गेले तेव्हा मडम तिला बंदूक देऊन गेली. चांदीवरची अक्षरं त्या मडमचीच. लायसन काढलं आज्याच्या नावावर. शेतात रानडुकरं आली की बार आजीच काढायची. आज्जा बांधावर कानात बोटं घालून बसायचा."

मोनाली खुदकन हसली. "आजी, ही वाघापेक्षा भारी आहे!"

परेश पण हसायला लागला. "बास आई. आता मडम?"

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर थापा मारल्या, पोरांनी तोंड उघडं टाकून ऐकल्या. एकदा खरं बोलले तर ही तऱ्हा! मी बंदूक उचलली. डावा हात नळीखाली, दस्ता खांद्याच्या खळीत, गाल लाकडावर. बंद खिडकीतून नेम धरला. नळ्या जरा पण हलल्या नायत.

हसणं थांबलं.

"आई," परेश म्हणाला, "तुला कोणी शिकवलं?"

"तिनेच. तुझ्या बाबाचे पण हात कापायचे. तिच्यानंतर डुकरं काय आपणहून परत जात होती?"

परेश खाली बसला. फोटोकडे बघितलं त्याने. "मी काय म्हणून अर्ज करू मग?" तो म्हणाला. "मला तर धरता पण येत नाही."

तेव्हा किशोरी पुढे आली. नारळ फोडताना पदर डोक्यावर घेऊन मागे सरलेली बाय ती. तिने माझ्या हातातून बंदूक घेतली, मी धरली तशीच धरली. दस्ता तिच्या खांद्याला मापाने शिवल्यासारखा बसला.

"माझ्या नावाने करा अर्ज," ती म्हणाली. "पण आई, एक अट. चौकशीला माणूस येईल, त्याला खरं सांगायचं. वाघ काढलात तर मी स्वतः जाऊन जमा करीन."

चौकशीला हवालदार आला. चहा झाला. किशोरी दारात उभी, नजर माझ्यावर. "आजी, बंदूक आली कुठून?" त्याने विचारलं.

जिभेवर वाघ आलेला. गिळला. मडम सांगितली, कोलंबी सांगितली, चिखल सांगितला, बांधावरचा आज्जा पण सांगितला. सासूची मनातल्या मनात माफी मागत होते.

हवालदार पोट धरून हसला. "काय गोष्टी रचता आजी तुमी!" म्हणाला. मग कागदावर लिहिलं, वडिलोपार्जित, आणि पेनाचं टोपण लावलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात किशोरीने माझ्या तोंडात बिस्कीट कोंबलं.