काशीवन्संची वात

भूत हा प्रकार जगात अस्तित्वातच नाही, असं दादांनी बहिणीच्या तेराव्याच्या संध्याकाळी ओटीवर उभं राहून, अर्ध्या दिवेआगरला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं; आणि मग विहिरीवर पाय धुवायला जाताना बायकोला सोबत बोलावलं.

"एकटे जा की," कुमुद म्हणाली. "नाहीतरी तिथे कुणी अस्तित्वात नाहीये."

"शेवाळ आहे. घसरायला होतं."

शेवाळ नव्हतं. देवकापसाची तीन झाडं होती. दादांच्या थोरल्या बहिणीनं, काशीनं लावलेली. त्यांच्याच कापसाच्या वाती ती जन्मभर वळत आली. जाण्यापूर्वी तिनं दादांना जवळ बोलावलं. काहीतरी गहन ऐकायला मिळणार म्हणून ते कान देऊन बसले, तर म्हणते, "कपाशीवर लाल ढेकूण पडलेत. जन्मभर विदर्भाची कपाशी राखलीस, आता घरची तीन झाडं राख."

दादा निवृत्त कीटकशास्त्रज्ञ. ढेकणाच्या आतड्यात काही जंतू असतात. त्यांच्यावाचून त्याला अन्न पचत नाही. दादांच्या प्रयोगशाळेनं त्याच जंतूंत असा फेरफार केला होता की ढेकणाच्या पिल्लांना कात टाकता येऊ नये. ढेकूण एकमेकांची विष्ठा चाखतात, तेव्हा प्रसाराची चिंता नव्हती. जंतू कुठवर पोचले ते दिसावं म्हणून त्यांना समुद्रातल्या एका जिवाचा उजेडही दिला होता. बाहेर काढायची सक्त मनाई असलेली एक कुपी दादांनी निवृत्त होऊन गावी येताना आणली होती आणि लोणच्याच्या बरणीमागे दडवली होती. बहिणीच्या शब्दाखातर ती त्यांनी झाडांवर फवारली. ढेकूण मेले. कुमुदला ते काही बोलले नाहीत.

होळीच्या आधी कुमुदनं बोंडं वेचली, सरकी काढली, वाती वळल्या. तिन्हीसांजेला समईत तेल घातलं, काडी ओढायला गेली, तर वात आधीच लागलेली. हिरवी. बोट लावलं, तर गार.

"अहो," ती हळूच म्हणाली, "वन्सं आल्या."

दादांपुढे उत्तरं दोनच होती, भूत किंवा कुपीची चोरी. आणि भूत नसतं हे त्यांनीच गावाला सांगून ठेवलेलं.

तेव्हापासून कुमुद रोज वातीपुढे बसून नणंदेला दिवसभराचं सांगू लागली. भाड्याच्या खोलीवर उतरलेल्या पाहुण्यांनी चादरी कशा मळवल्या, वादळातून वाचलेल्या पोफळी यंदा कशा धरल्यात. काशी गेल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. आता दोन घास जास्त जाऊ लागले. दादा आतल्या खोलीत बसून ऐकत. सांगावं, तर हिची नणंद दुसऱ्यांदा जाणार.

मग एका संध्याकाळी शेजारच्या वाडीतला सदा कुंपणाशी आला.

"दादा, आमच्या भेंडीवर हिरवं लुकलुकतंय. भूत आसंल तं आसू द्या, आमचं काय म्हननं न्हाय, ढेकूण मेलं समदं. पन त्ये पार दर्यापोतर गेलंय."

दादांनी पलीकडे पाहिलं. भेंडीचे वाफे, पुढे कुंपणं, पुढे सुरूच्या बनाची कड. एकामागून एक हिरवे ठिपके, कुणीतरी हातात दिवा घेऊन चालत गेल्यासारखे. तीन झाडांपुरतं सोडलेलं ते आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हतं. उद्या गाव विचारणार. कुमुदला ते सदाकडून कळायला नको.

ते आत आले. वीज गेली होती. कुमुद समईशी बसून तांदूळ निवडत होती.

"कुमुद, ही काशी नव्हे. माझे जंतू आहेत. मी आणले."

तिनं मानही वर केली नाही. "ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीमागची कुपी कधीच पाहिली मी. वन्सं महिनाभर माझं ऐकून घेऊन गप्प बसल्या असत्या होय?"

"मग रोज बोलायचीस ती?"

"होत्या तेव्हा मला बोलू कुठे द्यायच्या!"

दादांना हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरला. ते समईवर वाकले, आणि हसू तिथेच राहिलं.

"ही वात कधीची?"

"पहिलीच. जळतच नाही, तर बदलू कशाला?"

"कोरड्या कापसात ते दोन दिवस जगत नाहीत, कुमुद. ही तर तेलात बुडालेली. हिच्यात जिवंत असं काही उरायलाच नको."

वारा नव्हता. वात जराशी त्यांच्याकडे कलली, नीट ऐकू यावं म्हणून कान पुढे केल्यासारखी.

कुमुदनं सूप उजेडात सरकवलं आणि डोळे बारीक केले.

"मग जे कोण असेल त्याला सांगा," ती म्हणाली, "जरा पिवळं हो म्हणावं. हिरव्यात तांदळातले खडे दिसत नाहीत."