मरियामातेच्या झग्याचा आकडा

आमच्या गावात थॉमसिनचा झगा एकाच बाजूनं चिखलात लोळायचा. खरं तर तिच्याकडे चांदीच्या आकड्यांची जोडी होती. वर गुलाबाची नक्षी, त्यावर सोन्याचा मुलामा. झग्याचा घोळ उचलून दोन्ही बाजूंना अडकवायचा, म्हणजे रस्त्याची राड लागत नाही. ही जोडी तिला नवऱ्यानं, हॅमंडनं, लग्नात दिली होती. तो आइसलँडला कॉड मासे धरायला निघाला, तेव्हा तिनं त्यातला एक आकडा चर्चमधल्या मरियामातेच्या झग्याला लावला आणि नवस बोलली, नवरा घरी आला की हा परत नेईन.

बाकीच्यांच्या होड्या आल्या. हॅमंडची आली नाही. तीन उन्हाळे गेले.

"अर्धी कोरडी, अर्धी ओली!" पोरी खिदळायच्या. चर्चचे कपडे मी धुते, मूर्तीचा झगाही मीच बदलते. माझ्या हातात धोपटणं दिसलं की त्यांची तोंडं बंद व्हायची.

मग कळलं की राजाची माणसं मूर्ती न्यायला येणार. राजाचा नवा हुकूम, चर्चमध्ये आता असल्या मूर्ती ठेवायच्या नाहीत म्हणे! बायका गुपचूप येऊन मूर्तीला वाहिलेलं आपापलं घेऊन गेल्या, कुणी जपमाळ, कुणी अंगठी. मी पाठ फिरवून झाडत राहिले. थॉमसिन काही फिरकली नाही, म्हणून मीच तिच्या घरी गेले.

"अगं, ने की तुझा आकडा. वितळवून टाकतील मेले."

"नेला तर हॅमंड गेला, असं मीच म्हटल्यासारखं होईल, ॲव्हिस."

"आणि नाही नेलास तर काय समुद्रातून उठून येणार आहे तो?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ती चुलीकडे वळली. मी निघून गेल्यावर त्या घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी हे बोलून निघाले.

दुसऱ्या दिवशी मूर्ती गाडीत चढवताना राजाच्या कारकुनानं आकडा ओरबाडून पिशवीत टाकला. मरियामातेचा झगा एका बाजूनं सुटून चिखलात लोळू लागला. थॉमसिन गर्दीतून पुढे आली. स्वतःचा आकडा काढून तिनं मूर्तीचा घोळ वर उचलून अडकवला.

कारकून हसला. "बाई, चांदी आहे. हाही पिशवीत जाईल."

"जाऊ दे, साहेब. त्याच पिशवीत टाका. त्यांची तरी गाठ पडू दे."

त्याचं हसू जिरलं. "गावाबाहेर गेल्यावर काढतो," तो पुटपुटला.

गाडी गेली. थॉमसिन घराकडे निघाली, झगा दोन्ही बाजूंनी चिखलात ओढत. पोरी वाटेतच उभ्या होत्या, पण एकही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. निदान मला धोपटणं तरी उगारता आलं असतं.