पडदेमास्तरांचा काळा पडदा

मंडळी, आता जे सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावतो! पुढच्या बाकावरच्या विणकामवाल्या बाई तर आत्ताच गालात हसताहेत. हसा. पण ऐका.

पडदेमास्तर म्हणून एक विद्वान गृहस्थ होते. ऑनलाइन व्हिडिओ माणसाच्या डोक्यात काय घोळ घालतात, यावर त्यांचं संशोधन. जागोजागी व्याख्यानं द्यायचे. मागे पडदा असल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत, म्हणून हे नाव. झोपेत बडबडायचे तेसुद्धा भिंतीकडे बोट दाखवून!

त्यांची धाकटी बहीण चिमी रुग्णालयात नर्स होती. एकदा एका म्हाताऱ्याच्या घशात घास अडकला. चिमीने त्याला वाकवलं आणि पाठीत दणादण थापट्या मारल्या. घास पडला, म्हातारा वाचला. पण समोरच्या खाटेजवळून कुणीतरी फोनवर टिपल्या त्या फक्त थापट्या. घास नाही, खोकला नाही, आवाजही नाही. खाली मथळा, ‘म्हाताऱ्याला बडवणारी नर्स’. झालं! म्हातारा बिचारा सांगत फिरला, "या पोरीनं मला वाचवलं." पण वाचलेल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ कोण बघतो? रुग्णालयाने चिमीला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. म्हणाले, "जरा निवळू दे, मग परत घेऊ."

मास्तर पेटले. "चिमे, मी व्याख्यानातच सगळं उघड करतो. आधी ती चित्रफीत दाखवायची, मग तिचा कण न् कण सुटा करून समजवायचं. लोक शहाणे असतात गं!"

"बघ बाबा," चिमी म्हणाली.

व्याख्यान असं रंगलं, की टाळ्यांच्या वाऱ्याने छताचे पंखे उलटे फिरले! मग ते नेटवर चढलं. तिथे व्हिडिओखाली एक आलेख असतो. लोकांनी जो भाग पुन्हापुन्हा पाहिला, तिथे तो उंच होतो. मास्तरांनी पाहिलं, तर थापट्यांपाशी डोंगर! पडद्यात मावेना, खिडकीतून बाहेर गेला, शेजारणीने त्यावर कपडे वाळत घातले. आणि पुढे, जिथे मास्तर समजावत होते, तिथे सपाट माळ. चिटपाखरू नाही.

मग कुणीतरी तो डोंगरच तेवढा कापून घेतला. नवा मथळा आला, ‘संशोधकांनीही दाखवला नर्सचा प्रताप’. रुग्णालयातले फोन पुन्हा खणखणू लागले. चिमीला वॉर्डात घ्यायचं ठरत आलं होतं, ते बारगळलं.

मास्तर कोठीत गेले. चिमी चादरींच्या घड्या घालत होती.

"अगं, पण न दाखवता लोकांना पटणार कसं?"

"दादा, पटवून घ्यायला कोण बघतंय? बघायला मिळतं म्हणून बघतात. पहिल्यांदा मला त्या फोनवाल्याने मारताना दाखवलं. दुसऱ्यांदा तू दाखवलंस, आणि तुझा पडदा मोठा होता."

"मी तुझी बाजू मांडत होतो!"

"मांडलीस रे. पण मी तुझा नमुना झाले. धर हे टोक, घडी नीट पडत नाहीये."

मास्तरांनी टोक धरलं. आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं!

पुढच्या व्याख्यानाला पडदा होता, पण काळाकुट्ट. मास्तर म्हणाले, "मी ती चित्रफीत दाखवणार नाही. ती नर्स माझी बहीण आहे. तिने एका माणसाचा जीव वाचवला. आज एवढंच ऐका."

आणि काय सांगू, मंडळी! भरल्या सभागृहाने फोन काढून ती चित्रफीत पुसून टाकली. बघणाऱ्यांचा आकडा उलटा धावत शून्यावर आला, आणि दुसऱ्या सकाळी चिमी वॉर्डात हजर! तेव्हा नागरिकहो, बोध एवढाच: जे बघितल्याने दुसऱ्याचं आयुष्य झिजतं, ते ‘खरं की खोटं पाहू तरी’ म्हणूनसुद्धा बघू नका. आपला डोळा म्हणजेही हातच आहे. तो कुणावर उगारतोय, याचं भान...

"साफ खोटं, आजोबा!"

विणकामवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या.

"मी होते त्या सभागृहात. फोन काढले सगळ्यांनी, पण पुसायला नाही. पडदा काळा होता ना, म्हणून जो तो आपापल्या फोनवर तीच चित्रफीत शोधत बसला. तिला आवाज नाही, त्यामुळे मास्तरांना कळलंसुद्धा नाही. ते आपले बोलतच होते. मला सापडेना, तर शेजारच्याने पाठवली. आणि कसला वॉर्ड? माझ्या आईला परवा भरती केलं, तेव्हा चादर द्यायला तीच आली होती, कोठीतून. मी लगेच ओळखलं. सगळं ऐकलेलं होतं हो मी, तरी ती खाटेजवळ आली तशी आईला माझ्याकडे ओढून घेतलं."