दारावरची थाप

माइकच्या बुडाशी लाल दिवा लुकलुकत होता आणि हितेंद्र त्याच्याकडेच बघत होता, म्हणजे प्रियलकडे बघावं लागू नये... धुळ्याच्या या चर्चासत्राचा अध्यक्ष तो, आणि माना डोलताहेत तिच्या बोलण्यावर – जळगावात त्याच्याच विभागात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या पोरीच्या!

विषयसुद्धा त्याचाच. एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेत झोपलेल्या राजाचा खून होतो आणि लगेच बाहेरून दारावर थाप पडते. थाप म्हणजे खुन्याचं मन त्याला खातंय – अठरा वर्षं तो हेच शिकवत आला, पोरं अठरा वर्षं हेच लिहीत आली.

"आपल्याकडे खेड्यात दार कुणी ठोठावत नाही," प्रियल सांगत होती, "अंगणातून नाव घेऊन हाक मारतात. ठोठावतो तो परका. म्हणजे आता खुन्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही."

टाळ्या. हितेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. कापड दुकानावरच्या तिमजली घरात बेल ऐकत वाढलेली ही, हिला अंगण काय ठाऊक? यावलच्या केळीच्या बागांत वाढलो मी, मला हाका मारल्यात अख्ख्या गल्लीनं – आणि मला हे सुचू नये?

"हे मला सरांच्या आईंनी सांगितलं," ती त्याच्याकडे बघून हसली. हसणं साधंच होतं, तेच त्याला जास्त झोंबलं.

चहाच्या सुट्टीत त्यानं व्हरांड्यातून गावी फोन लावला.

"आई, ते दार ठोकायचं तू प्रियलले सांगितलं?"

"हो. गनपतीत आलती ना ती. कॉलेजात काय शिकवता, इचारलं मी, तं तिनं नाटकच सांगितलं."

"मंग मले काहून नही सांगितलं?"

"तू कधी नाटक सांगितलं मले?"

आत कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी प्रियलचं कौतुक करत होतं – अजून!

"रडली मी, भाऊ," आई म्हणाली. "पन शेवट राहून गेला. पोरगी म्हने, उरलेलं सर सांगतीन. सांग ना, मंग काय झालं?"

त्यानं तोंड उघडलं, आणि ओठांवर आलं ते फक्त वर्गातलं... या ध्वनीचं प्रतीकात्मक महत्त्व... छे! आई वाट बघत होती. कुठून सुरुवात करावी त्याला कळेना. एवढंच कळत होतं, की प्रियलच्या सांगण्यावर आई रडली त्यापेक्षा तिनं आपल्या सांगण्यावर जास्त रडावं.