सोफ्यावरची झोप

बेकरीतली रात्रपाळी संपवून तो सकाळी आठला घरी यायचा. आंघोळ उरकली की अडीच महिन्यांच्या लेकीला छातीवर घ्यायचा आणि सोफ्यावर आडवा व्हायचा. पाच मिनिटांत बापलेक गाढ. शेजारी कठड्याची लहान खाट रिकामीच.

बायकोला मात्र चैन नसे. आतल्या खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला, पण चार टाके घातले की ती मशीन सोडून दाराशी यायची. पोट हलतंय ना? नाक मोकळं आहे ना? पुन्हा मशीन, पुन्हा दार. भाजी आणायला खाली उतरायचीही तिला भीती वाटे.

"नर्सबाईंनी काय सांगितलं होतं? पाठीवर, वेगळं, सपाट गादीवर झोपवा. सोफ्यावर तर मुळीच नाही."

"खाटेत ठेवली की टाहो फोडते ती. मग नर्सबाई येणारेत का येरझाऱ्या घालायला?"

"अरे, तू मेल्यासारखा झोपतोस!"

"बाप आहे मी तिचा. झोपेतही कळतं मला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जास्त बोललं की तो दुखावून दिवसभर जागा राहायचा आणि रात्री भट्टीपाशी पेंगायचा.

बुधवारी सकाळी एक बाई मापं द्यायला आली. बोलण्यात दहा मिनिटं गेली. तिला दारापर्यंत सोडून बायको वळली, तर लेक छातीवर नव्हती. घसरून त्याचा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेली होती, तोंड गादीत रुतलेलं.

तिने लेकीला ओढून काढलं. क्षणभर काहीच नाही. मग पोर किंचाळली, आणि ते रडणं ऐकून आईने तिला घट्ट उराशी धरलं.

तो घोरतच होता. तिसऱ्या हाकेला उठला.

"काय झालं?"

तिने फटीकडे बोट दाखवलं. तो धडपडत उभा राहिला आणि चपला शोधू लागला.

दवाखान्यात दाखवून आणलं. पोर ठणठणीत होती. परतताना तो जिन्यातच थांबला.

"आठव्या वर्षी मला वसतिगृहात टाकलं होतं. लोखंडी खाट. रडलो तरी कोणी यायचं नाही. हिला तसं एकटं वाटू नये, एवढंच गं."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"हिच्याजवळ आपण येऊ ना," ती म्हणाली. "दर वेळी."

त्या दिवशी त्याने खाट ओढून घेतली आणि तिला लागून जमिनीवर स्वतःची गादी टाकली. लेक रडली, त्याने उचलली, शांत केली, परत ठेवली. असं सातदा. आठव्यांदा ती पाठीवर, हात पसरून झोपली.

बायको मशीनवर बसली. चार टाके घालून सवयीने दाराशी आली, तर तो टक्क जागा, कठड्याला नाक लावून.

"झोप की आता!"

"डोळाच लागत नाही. श्वास मोजतोय."

ती त्याच्या शेजारी टेकली. संध्याकाळपर्यंत एकही गणवेश शिवून झाला नाही.