पंधरा मिनिटांची चॅम्पियन

दोन वर्षं मी विद्यापीठाची टेनिस चॅम्पियन होते, आणि तोवर मी एकही मॅच खेळलेली नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. चॅम्पियन व्हायला काय लागतं ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. एक रॅकेट लागते, पांढरे बूट लागतात आणि पंधरा मिनिटं उन्हात एकटीनं उभं राहायची तयारी लागते.

माझे वडील शालिग्राम बडगुजर. मी त्यांना नाना म्हणते. अमळनेरकडचं गाव सोडून ते सुरतेला आले आणि बमरोलीत कापडाच्या लूमवर लागले, ते आजपर्यंत. माय, म्हणजे मंगलाबाई, घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. या घरात टेनिस आलं कसं, तर सरकारी कागदातून. चौऱ्याण्णव साली मी कॉलेजात गेले, तेव्हा खेळाचे वशी सर एका चिंतेत होते. मुलींची नावं आठ खेळांत पाठवली नाहीत, तर कॉलेजचं खेळाचं अनुदान बंद होणार होतं. सात खेळांना मुली मिळाल्या होत्या. मी बसच्या पासासाठी रांगेत उभी होते. सरांनी रांगेवरून नजर फिरवली आणि सगळ्यात उंच मुलीपाशी येऊन थांबले.

"बेन, टेनिस रमशो?"

मी म्हटलं, "सर, येत नाही."

"आवडवुं जरूरी नथी," सर म्हणाले, म्हणजे यायलाच हवं असं नाही, आणि नाव लिहून मोकळे झाले.

कॉलेजात टेनिसचं मैदान होतं, पण त्याच्या अर्ध्या भागात प्राध्यापकांच्या स्कूटर उभ्या असत आणि उरलेल्या अर्ध्यात नवरात्राच्या आधी गरब्याची तालीम चाले. मग मी आमच्याकडेच एका डाइंग मिलच्या मागच्या भिंतीवर सराव करायची. खेळ शिकले ते लायब्ररीतल्या एका फाटक्या पुस्तकातून. कॉलेजची एकुलती एक रॅकेट आणि तीन चेंडू माझ्याकडे होते. भिंतीच्या पायथ्याशी मिलच्या पाण्याचा नाला. चेंडू त्यात पडला की त्या दिवशी आत जो रंग चालू असेल तो घेऊन बाहेर यायचा. महिन्याभरात माझा एक चेंडू जांभळा, एक हिरवा आणि एक कसलाच नाही असा झाला. पण हात बसला. भिंत कधी दमत नाही आणि कधी गैरहजर राहत नाही. माणसांचं तसं नसतं हे मला लवकरच कळलं.

त्याच वर्षी सुरतेत प्लेग आला आणि गेला. दिवाळीनंतर आमच्या कॉलेजात विद्यापीठाची स्पर्धा ठेवली, तेव्हा प्लेग संपला होता, भीती संपली नव्हती. मुलींच्या टेनिसला दोनच नावं होती, माझं आणि बाहेरगावच्या एका मुलीचं. ती सुरतेत पाय ठेवायला तयार नव्हती. नियम असा की पंधरा मिनिटं वाट पाहायची. सरांनी खुर्ची टाकली, घड्याळ हातात घेतलं. मी जाळ्यापाशी उभी राहिले. समोर कोणीच नाही आणि मला घाम फुटलेला. मग सर उठले. "चालो, पंदर मिनिट थई गया. अभिनंदन."

घरी आले तर नाना दारातच उभे. ती पोर आली का, एवढंच त्यांना हवं होतं.

"उनी का ती पोर?"

"नही उनी, नाना."

"मंग?"

"मंग मी जिकनू."

नानांना ते पटलं नाही. जे काम केलं नाही त्याचं नाव घेऊ नये असा त्यांचा स्वभाव. मायचं मात्र तसं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं गल्लीत सांगून टाकलं, की समोरची पोरगी माझ्या उज्ज्वलाला भिऊन आलीच नाही. पुढच्या वर्षीच्या मुलीचा स्पर्धेच्या आदल्या दिवशी साखरपुडा झाला आणि सासरच्यांनी पळापळ बंद केली. तेव्हा तर गल्लीची खात्रीच पटली. शेजारची सरलाबाई आपल्या रडक्या नातवाला माझं नाव सांगून गप्प करायला लागली. नळावर माझी बादली आपोआप पुढे सरकायची. गल्लीतल्या मंडळानं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला आणि भाषणात सांगितलं, की दोन वर्षांत या मुलीसमोर उभं राहायची कोणाची छाती झाली नाही. खरंच होतं ते. मी खाली मान घालून नारळ सांभाळत बसले. दोन वर्षांतलं माझं एकूण टेनिस अर्ध्या तासाचं, आणि त्यात चेंडू शून्य.

चलथाणच्या साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर असलेल्या दीपकचं स्थळ आलं. त्याच्या मामांनी माझ्या दंडाकडे बघत हळूच विचारलं, "पोर मारकुटी नाही ना?" दीपक मात्र हसला. लग्न ठरलं, शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की लगेच. म्हणजे आता एकच स्पर्धा उरली होती. खरं सांगते, मला तिसऱ्यांदा चॅम्पियन व्हायचं नव्हतं. मला एक मॅच खेळायची होती. मी मारलेला चेंडू एकदा तरी भिंतीनं नाही, माणसानं परत मारावा, एवढीच इच्छा होती. ती पुरी न होता सासरी जावं लागलं असतं तर जन्मभर लाज वाटली असती.

शहाण्णवच्या डिसेंबरात वशी सर धावत वर्गात आले. वलसाडची हेतल नायक येणार होती. पत्र आलं होतं, तार आली होती, शिवाय तिच्या सरांचा फोनही आला होता. मी आनंदानं घरी येऊन भिंतीवर असा काही सराव केला, की रॅकेटची एक तार तुटली.

"दे माले," नाना म्हणाले. "तार जोडाना धंदाच शे मना."

रॅकेट चार दिवस नानांच्या लूम कारखान्यात राहिली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी नानांनी ती आणून दिली, तेव्हा तिला साडीच्या कापडाची नवी पिशवी शिवलेली होती आणि तोंडाला सात गाठी.

"मैदानावरच उघड. नजर लागस."

मी नमस्कार केला. त्या पिशवीत हात घालून एकदा चाचपलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण नानांनी मारलेली गाठ आमच्या घरात कोणी सोडत नाही.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. बमरोलीहून टेम्पो भरून माणसं आली. नाना, माय, सरलाबाई, लूमवरचे सुकदेव आणि गणपत, शिवाय धुडकूकाका. धुडकूकाकांचं काम म्हणजे नव्या बीमचे, म्हणजे लूमवर चढवायच्या रुळाचे, हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक गाठ मारून जोडायचे. त्यांची बोटं चालताना दिसत नाहीत, नुसत्या गाठी दिसतात. सगळे मैदानाच्या कडेला ओळीनं बसले. सरांनी खुर्ची टाकली आणि घड्याळ काढलं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. चौदाव्या मिनिटाला फाटकातून एक रिक्षा आली आणि तिच्यातून पांढऱ्या स्कर्टमधली एक मुलगी उतरली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मी घाईघाईनं सात गाठी सोडल्या आणि रॅकेट बाहेर काढली.

नानांनी ती विणली होती. तुटलेली तार तर जोडली होतीच, पण उरलेल्या सगळ्या जागेत, प्रत्येक भोकातून, उभा-आडवा जाड धागा घालून घट्ट कापड विणलं होतं. राणी रंगाचं. कडेनं जरीचा काठ. एवढं सुंदर काम की लग्नात रुखवतात मांडावं.

"दोन सालफाई दखी ऱ्हायनू मी," दोन वर्षं बघितलेलं नाना आज ओरडून सांगत होते. "इतला भोकं! जोर सगया भोकांमझारतीन निंघी जास. आते मार!"

सगळ्या टेम्पोनं टाळ्या वाजवल्या. हेतलनं सराव म्हणून एक हलका चेंडू टाकला. मी मारला. धप्प असा आवाज आला, आणि चेंडू माझ्याच बुटांवर पडला. दुसराही तिथेच. उशीवर भाकरी पडावी तसा.

वशी सर खुर्चीवरून उठले. "आ रॅकेट छे के सूपडुं?"

हेतलच्या सरांनी लगेच नियमाचं पुस्तक काढलं. हे साहित्य चालणार नाही, पंधरा मिनिटांत दुसरी रॅकेट आणा, नाहीतर विजय आमचा. वशी सरांनी पुन्हा घड्याळ लावलं. माझी पंधरा मिनिटं आता माझ्यावरच उलटली. हेतल बिचारी चांगली. तिनं आपल्या पिशवीतली दुसरी रॅकेट काढून माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करणार, तेवढ्यात मला नाना दिसले. ते अजून हसत होते. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून विणलेलं ते काम मी सगळ्यांसमोर बाजूला ठेवायचं, या विचारानं माझा हात उचलेना. मला रडू आलं, आणि नानांचा रागही आला.

नानांना काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं. ते मैदानात आले. हेतलच्या हातातली रॅकेट त्यांनी घेतली आणि सवयीनं उजेडासमोर धरली. कापडाचा ताका तयार झाला की असंच धरून बघतात. पलीकडचं दिसलं की माल नापास. नानांना जाळीतून हेतलचे सर अख्खे दिसले.

"हाई बी इरळ शे," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सगया अश्याच ऱ्हातस का व?"

"हा, नाना."

हेतलच्या सरांनी ती रॅकेट हिसकावून घेतली. माल कॉलेजचा आहे, असा देता येत नाही म्हणे. नानांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी खिशातून तार कापायची छोटी कातर काढली आणि मैदानाच्या मधोमध मांडी घातली.

"सुकदेव, गणपत, या इकडे. उकली टाकूत."

"अकरा मिनिट," वशी सर म्हणाले.

टेनिसच्या मैदानावर असं दृश्य आधी कधी दिसलेलं नसेल. लूमचे तीन कारागीर एका रॅकेटवर वाकलेले, तिघांच्या हातात कातर, माय आणि सरलाबाई निघालेला धागा बोटांवर गुंडाळतायत, आणि हेतलही खाली बसून जरीचा काठ ओढतेय. नाना आपलंच विणलेलं दोन्ही हातांनी उसवत होते. घाईत गणपतनं धाग्याबरोबर रॅकेटची एक चांगली तारच कापली. नानांनी त्याला अशी शिवी दिली की वशी सरांनी घड्याळातून मान वर केली. धुडकूकाका पुढे झाले. पीळ दिलेल्या धाग्याचा तुकडा मध्ये घालून त्यांनी दोन गाठी मारल्या आणि दातांनी शेपूट तोडलं. अर्धं मिनिट उरलं होतं. कडेला थोडं राणी कापड तसंच राहिलं.

मग मी खेळले.

हेतल फार चांगली खेळायची. माझे फटके भिंतीवरचे, सरळ जाणारे आणि सरळच परत येणार असं धरून मारलेले. ती चेंडू कोपऱ्यात टाकायची आणि मी नुसती पळायची. पण ती परत मारत होती! मी मारला की तिकडून येत होता. कधी चार वेळा, एकदा तर सात वेळा. धावता धावता मी मोठ्यानं हसत होते. वशी सरांनी कंटाळून गुण ओरडणं सोडलं. मग दुसऱ्या डावात एकदा माझ्या सर्व्हिसवर चेंडू परत आला आणि बरोबर धुडकूकाकांच्या गाठीवर बसला. तो असा काही वाकडा गेला, की हेतल डावीकडे धावली आणि चेंडू उजवीकडे पडला. सर दचकून उभे राहिले आणि पूर्ण ताकदीनं ओरडले, "पंदर!"

माझ्या आयुष्यातला तो पहिला गुण; टेनिसात पहिल्या गुणाला पंधरा म्हणतात. शेवटचाही तोच. पुढे पस्तीस-चाळीस मिनिटांत सगळं आटपलं आणि सरांनी फळ्यावर हेतलच्या नावापुढे लिहिलं, सहा, सहा. माझ्यापुढे दोन शून्यं.

धुडकूकाकांना शून्यं दिसली नाहीत. त्यांनी सगळ्यांना हिशेब समजावला. त्या पोरीचे सहा आणि सहा, बारा. आपल्या पोरीला एका चेंडूत पंधरा मिळाले, सरांनी स्वतः ओरडून सांगितलं. पंधरा आणि बारा, मोठं काय? कोणाला शंका राहिली नाही. गुलाल बरोबर आणलेलाच होता. थोडा त्यांनी हेतलच्या कपाळालाही लावला, तीही हसत हसत लावून घेऊन गेली.

टेम्पोत गणपत डबा वाजवत होता. सुकदेवनं रॅकेट झेंड्यासारखी उंच धरली होती, कडेचं राणी कापड वाऱ्यावर फडफडत होतं. माय सगळ्यांना सांगत होती, की एवढी दूरची पोरगी आली ती आली, पण हरून गेली. मी नानांच्या शेजारी बसले. त्यांच्या मुठीत उसवलेल्या धाग्याचा गोळा होता. माझ्या तळहाताला फोड आले होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवू ते कळत नव्हतं. पण नानांना खोटं सांगवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं, "नाना, मी हारनू."

"माले दखायनं," नाना म्हणाले. "धुडकूले सांगू नको."

उधना दरवाजा मागे पडल्यावर त्यांनी माझा हात उलटा करून फोड बघितले, अंगठ्यानं दाबून बघितले.

"पन उनी ना ती पोर?"

"उनी, नाना," मी म्हटलं. "उनी."