डब्यातलं शिळं पाणी

सुनेने प्रयोगशाळेतून डबा आणून फ्रिजमध्ये ठेवला होता. आत पाणी, आणि पाण्यात तळहाताएवढा पारदर्शक पडदा. संध्याकाळी सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला. शिळं पाणी त्यांच्या घरात टिकत नाही. त्यांनी ते ओतलं आणि नळाचं ताजं भरलं.

"तुझ्या त्या प्लास्टिकचं पाणी बदललंय हो काल," सकाळी त्या कौतुकाने म्हणाल्या.

सून धावत फ्रिजकडे गेली. दुपारी तपासणी होती. या पडद्यातून मिळणाऱ्या विजेवर छोटा पंखा फिरला नाही, तर तिचं काम दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. आणि दुसरा पडदा तयार नव्हता.

"ताज्या पाण्याने काय बिघडतं?"

"आई, या पडद्यात बसायच्या जागा असतात. हायड्रोजनचे कण एका जागेवरून दुसरीवर सरकत पलीकडे जातात, म्हणून वीज मिळते. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी त्या जागा बळकावल्या. ते एकदा बसले की हलत नाहीत."

"तुझ्या मामेसासऱ्यांसारखे."

सुनेला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला.

"मग उठवायचे कसे?"

"सौम्य आम्लात गरम करून. उठतील बहुतेक."

"बहुतेक? थांब, मीही येते. बसवले मी, उठताना बघायला नको?"

प्रयोगशाळेत सुनेने त्यांच्या चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवला. सासूबाई काचेच्या भांड्याकडे टक लावून बसल्या.

"कुणी उठलेलं दिसत नाही गं."

"दिसत नाहीच. पंखा सांगेल."

मग पडदा शुद्ध पाण्यात धुऊन दोन पट्ट्यांमध्ये आवळला. एका बाजूने हायड्रोजन सोडला, दुसऱ्या बाजूने हवा. तेवढ्यात तपासणीचे साहेब दारात आलेच. खेळण्यातला असावा तसा तो पंखा थरथरला. थांबला. सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. पातं पुन्हा हललं, फिरलं, आणि फिरतच राहिलं.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाई. बिघडलेला पडदा पुन्हा कामाला लागतो का, ही चाचणी त्यांच्यामुळेच झाली."

साहेबांनी मान डोलावली. ते पुढे काही बोलायच्या आत सासूबाईंनीच विचारलं, "पण तो हायड्रोजन पलीकडे जाऊन करतो काय?"

"हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो. त्याचं पाणी होतं," सुनेने सांगितलं.

सासूबाई वाकल्या. खालच्या नळीच्या टोकाशी एक थेंब जमत होता.

"ताजं?"

"आत्ताच झालेलं, आई," सून म्हणाली.